शेवाळांतील सख्खीं भावंडें



पावसाळ्याचे दोन महिने उलटले म्हणजे आपल्याकडे एकही जुनी भिंत बोडकी राहत नाहीं. विहिरीचा कठडा, देवळाची पायरी, तुळशीवृंदावनाची सांवलींतील बाजू, गच्चीवरील पन्हळाचें तोंड, सर्वत्र एक हिरवी मखमल पसरते. आपण तिला शेवाळ म्हणतों, पाय घसरेल म्हणून मुलांना जपून चालावयास सांगतों, आणि दिवाळीपूर्वीं रंगारी बोलावून ती खरवडून काढवितों. ह्यापलीकडे तिचा आपला परिचय सहसा जात नाहीं. ह्या मखमलींत अगदीं सारख्या दिसणाऱ्या ज्या अनेक जाती असतात, त्या एकमेकींपासून कशा ओळखाव्या, आणि त्या ओळखण्याची यातायात माणसानें कां करावी, ह्याविषयीं आज आपणांशीं बोलावयाचें मीं योजिलें आहे. मी वनस्पतिशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून मास्तरकींत ज्याचा जन्म गेला असा एक सेवानिवृत्त शिक्षक आहें. परंतु सारख्या दिसणाऱ्या गोष्टींतून वेगळें काय तें निवडणें हें मास्तराचें रोजचेंच काम. त्यामुळें ह्या विषयाची मला गोडी लागली, इतकेंच.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर करूं. 'शेवाळ' ह्या एका शब्दांत आपण भलभलत्या वनस्पती कोंबतों. डबक्यावर किंवा हौदांत जें बुळबुळीत, धाग्यांसारखें हिरवें शेवाळ तरंगतें, त्याला ना खोड ना पान. त्याला शास्त्रांत शैवल म्हणतात. डोंगरांतील कातळावर किंवा झाडाच्या सालीवर जे करडे, कागदासारखे पापुद्रे चिकटलेले असतात, ते निराळेच. त्यांपैकीं एक तर आपल्या गृहिणींच्या चांगल्या परिचयाचा आहे, कारण गोड्या मसाल्यांत तो दगडफूल ह्या नांवानें पडतो. तो बुरशी आणि शैवल ह्या दोघांनीं भागीनें थाटलेला संसार आहे. आणि तिसरी ती भिंतीवरची मखमल. शास्त्रीय परिभाषेंत हिला हरिता म्हणतात, आणि आजचें भाषण केवळ हिच्याचविषयीं आहे.

हरिता ही अंगानें लहानशी कां होईना, पण खोड आणि पानें असलेली वनस्पती आहे. तिला फूल येत नाहीं, फळ धरत नाहीं, आणि जमिनींतून पाणी ओढणारीं खरीं मुळेंही तिला नसतात. तळाशीं जे केसासारखे तंतू दिसतात, त्यांचें मुख्य काम तिला भिंतीस धरून ठेवण्याचें. पाणी ती बहुतांशीं पानांच्या सर्वांगानेंच पिते. तिचें पान बहुधा एकाच पेशीच्या जाडीचें असतें, मधली शीर तेवढी कांहींशी जाड. त्यामुळें ऊन लागतांच ती आक्रसून काळवंडते आणि पावसाचा शिंतोडा पडतांच घटकाभरांत पुन्हां हिरवी होते. वंशवृद्धीचा काळ आला म्हणजे तिच्या शेंड्यांतून किंवा कुशींतून एक नाजूक दांडी वर येते, आणि दांडीच्या टोंकास एक इवलीशी बोंडी लागते. बोंडीवर प्रथम एक टोपी असते. टोपीखालीं झांकण असतें. झांकण गळून पडलें म्हणजे आंतील धुळीसारखीं बीजुकें वाऱ्यावर उडून जातात. पान, शीर, कड, दांडी, बोंडी, टोपी आणि झांकण एवढे सात शब्द श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावे, म्हणजे पुढील विवेचन समजण्यास अडचण पडणार नाहीं.

अशा हरितांच्या सुमारें १२,००० जाती जगांत आहेत. त्यांतील भेद लांबून पाहणारास उडदामाजीं काळेंगोरें निवडण्यासारखे वाटतात. नवशिका मनुष्य प्रथम काय पाहतो? तर रंग, उंची आणि दाटी. आणि नेमकीं हींच लक्षणें त्याला सर्वांत अधिक दगा देतात. एकच जात सांवलींत व ओलींत वाढली तर लांबट, फिकट आणि विरळ होते. तीच उघड्यावर वाढली तर खुजी, दाट आणि पिंगट होते. श्रावणांत जी टवटवीत दिसते, तीच मार्गशीर्षांत ओळखूं येत नाहीं. उलटपक्षीं दोन भिन्न जाती एकाच भिंतीवर, एकाच पावसांत शेजारीं शेजारीं वाढल्या, तर त्या एकाच ठाणाचें कापड नेसलेल्या बहिणींप्रमाणें सारख्या दिसूं लागतात. म्हणजे जेथें भेद नाहीं तेथें तो दिसतो, आणि जेथें आहे तेथें तो लपतो.

माझ्या धंद्यांतलें एक उदाहरण देतों. वर्गांत नांव न घातलेली वही सांपडली, तर ती कोणाची हें अक्षराच्या आकारमानावरून ठरवितां येत नाहीं. घाईंत लिहिलें तर अक्षर पसरतें, लेखणीचें टोंक बारीक असलें तर तें बारीक येतें, कागद खरखरीत असला तर तें अडखळतें. परंतु एखादा मुलगा 'ळ'ची गांठ कोणत्या बाजूनें वळवितो, किंवा 'श'चें शेपूट कोठें सोडतो, हें घाईनें बदलत नाहीं आणि कागदानेंही बदलत नाहीं. तें त्याच्या हाताच्या वळणांत असतें. हरितांचेंही असेंच आहे. उंची, रंग आणि दाटी हीं त्यांचीं परिस्थितीनें दिलेलीं लक्षणें होत. पानाची कड कोणीकडे वळते, पेशींच्या भिंती गुळगुळीत आहेत कीं खरबरीत, झांकण गळल्यावर बोंडीच्या तोंडाशीं काय दिसतें, हें त्यांच्या हाताचें वळण होय. पहिल्या प्रकारचीं लक्षणें बाजूस सारून दुसऱ्या प्रकारचीं शोधावयाचीं, हाच ह्या विद्येचा गाभा.

आतां आपल्या भिंतीवरचीच एक जोडी घेऊं. आपल्या देशांतील सपाटीच्या गांवांतून, विटांवर आणि चुन्याच्या गिलाव्यावर, दोन हरिता सर्रास आढळतात. एकीचें नांव हायोफिला इन्व्होल्यूटा, दुसरीचें बार्ब्युला इंडिका. दोघी एकाच कुळांतल्या, दोघी बोटाच्या पेराहून ठेंगण्या, दोघी सुकल्या म्हणजे आवळून बसतात आणि भिजल्या म्हणजे चांदणीसारख्या उमलतात. नुसत्या डोळ्यांना दोघी एकच वाटतील. परंतु दहापट मोठें दाखविणारें साधें भिंग घ्या, आणि प्रत्येकीचें एकेक पान पाण्याच्या थेंबांत ठेवून पाहा. हायोफिलेचें पान जिभेसारखें किंवा पळीसारखें असतें, त्याच्या शेंड्याजवळ कडेला लहान लहान दांते असतात, आणि सुकतांना त्याच्या दोन्ही कडा आंतल्या बाजूस गुंडाळतात. तिच्या नांवांतील 'इन्व्होल्यूटा' ह्या लॅटिन शब्दाचा अर्थच आंत गुंडाळलेली असा आहे. बार्ब्युलेच्या पानाच्या कडा उलट, खालच्या बाजूस मुडपलेल्या असतात, आणि शेंड्याजवळ तसे दांते नसतात. सूक्ष्मदर्शक यंत्र मिळालें तर आणखी एक भेद दिसतो: बार्ब्युलेच्या पानाच्या पेशींवर, तसेंच शिरेच्या पाठीवरही, पुटकुळ्यांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात, हायोफिलेच्या शिरेची पाठ गुळगुळीत असते. सुदैवानें पिकलेली बोंडी हातीं लागली तर प्रश्नच मिटला. बार्ब्युलेच्या बोंडीच्या तोंडाशीं दांतांची झालर असते, हायोफिलेची बोंडी बोळकी असते.

ह्या दांतांविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण हरितांच्या शास्त्राचा इतिहास त्यांच्याशीं निगडित आहे. अठराव्या शतकांत ऑक्सफर्ड येथील डिलेनियस ह्या पंडितानें १७४१ सालीं हरितांवर एक मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. चित्रें उत्तम होतीं, परंतु वर्गीकरणास बळकट आधार अजून मिळावयाचा होता. तो आधार योहान हेडविग ह्या वैद्यानें दिला. १७३० सालीं ट्रान्सिल्व्हेनियांत जन्मलेला हा गृहस्थ पुढें जर्मनींत वैद्यकी करी आणि उरलेला वेळ सूक्ष्मदर्शकापाशीं घालवी. झांकण गळाल्यावर बोंडीच्या तोंडाशीं दिसणारे दांत प्रत्येक जातींत ठराविक रचनेचे असतात, आणि त्यांवर हवामानाचा व जागेचा परिणाम फारसा होत नाहीं, हें ध्यानांत घेऊन त्यानें त्यांच्या आधारें हरितांचीं कुळें लाविलीं. हे दांत कोणांत चार, कोणांत सोळा, कोणांत बत्तीस, तर कोणांत चौसष्टही असतात. म्हणजे संख्या बहुधा चारच्या पटींतली. हवा कोरडी झाली कीं दांत हालतात आणि बीजुकांना वाट मिळते, दमट झाली कीं पुष्कळ जातींत ते मिटून घेतात. हेडविग १७९९ सालीं वारला. त्याचा मुख्य ग्रंथ त्याच्या पश्चात् १८०१ सालीं निघाला. इतर वनस्पतींच्या नांवांची गणना लिनियसच्या १७५३ सालच्या ग्रंथापासून करतात, परंतु हरितांच्या नांवांची गणना, एक कुळ वगळून, हेडविगच्या ह्या ग्रंथापासून करतात. एका वैद्याच्या फावल्या वेळाला मिळालेला हा मान कांहीं लहान नव्हे.

इतकें ऐकल्यावर कोणी श्रोता विचारील, "मास्तर, हें सर्व ठीक आहे, परंतु भिंतीवरच्या शेवाळाची कड आंत वळली काय आणि बाहेर वळली काय, आम्हांला त्याचें काय होय?" प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर हेडविगच्या गणनेंतून जें एक कुळ वगळलें म्हणून आतांच सांगितलें, त्याच कुळाच्या हकीकतींत सांपडतें. त्या कुळाचें नांव स्फॅग्नम.

स्फॅग्नम ही थंड देशांतील दलदलींत वाढणारी हरिता. तिच्या पानांत दोन प्रकारच्या पेशी असतात. हिरव्या, जिवंत पेशी अरुंद असून जाळ्यासारख्या गुंफलेल्या असतात, आणि त्या जाळ्याच्या घरांत मोठमोठ्या, मेलेल्या, पोकळ पेशी असतात. ह्या पोकळ पेशींच्या भिंतींना छिद्रें असतात. त्यांतून पाणी आंत शिरतें आणि तेथेंच टिकून राहतें. सुकलेली स्फॅग्नम आपल्या वजनाच्या सुमारें वीसपट पाणी शोषून घेते. कापूस पांच-सहा पटच घेतो. शिवाय ती भोंवतालचें पाणी आम्ल करते, आणि त्या आम्लांत पुष्कळ जंतूंची वाढ खुंटते.

१९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरू झालें आणि जखमी शिपायांची रीघ लागली. जखमा बांधावयास कापूस पाहिजे, आणि कापूस तर स्फोटक द्रव्यें व गणवेश ह्यांकरितांही पाहिजे. त्यामुळें त्याची चणचण भासूं लागली. अशा वेळीं एडिंबरो येथील शस्त्रवैद्य चार्ल्स कॅथकार्ट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आयझॅक बेली बाल्फर ह्यांनीं स्फॅग्नमकडे लोकांचें लक्ष वेधलें. जर्मनींत तिचा असा उपयोग पूर्वींपासून होत होता. परंतु स्फॅग्नम म्हणून दलदलींतून जें हातीं येईल तें उपटून जखमेवर बांधावें, असें त्यांनीं सांगितलें नाहीं. स्फॅग्नमच्या जाती पुष्कळ. कांहींचीं पानें बारीक आणि विरळ असतात, त्या पाणी कमी धरतात. ह्या सर्वांतून त्यांनीं दोन जाती उत्तम म्हणून निवडल्या: स्फॅग्नम पॅपिलोसम आणि स्फॅग्नम पालुस्त्रे. पुढें अमेरिकेंत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जॉन हॉटसन ह्यांनींही जातींची पारख करून, ह्या दोन आणि त्यांच्याच गटांतील आणखी दोन, मॅगेलॅनिकम व इम्ब्रिकॅटम, ह्या चौघींस पसंती दिली.

मग स्कॉटलंड, आयर्लंड व इंग्लंड येथील माळरानांवर बायका, मुलें व म्हातारीं माणसें पोतीं घेऊन ही हरिता वेंचूं लागलीं. ती निवडावयाची, वाळवावयाची, कापडाच्या पिशव्यांत भरावयाची आणि रणांगणाकडे धाडावयाची. १९१८ सालापर्यंत ब्रिटनमधून दरमहा सुमारें दहा लक्ष पट्ट्या बाहेर पाठविल्या जात होत्या. वेंचणाऱ्या बायकामुलांच्या हातीं सूक्ष्मदर्शक असणें शक्य नव्हतें. त्यांनीं गुबगुबीत फांद्यांची, फुगीर व होडीसारख्या खोलगट पानांची हरिता घ्यावी, आणि पाण्यांत लोंबणारी, बारीक पानांची सोडावी, एवढा भेद हाताला व डोळ्याला कळण्याजोगा आहे. परंतु असा सोपा भेद सांगतां यावा, म्हणून त्यापूर्वीं कोणीतरी एकेक पान यंत्राखालीं ठेवून कठीण भेद शोधून काढलेला असावा लागतो. ज्या ज्ञानास पुष्कळ जण कीस काढणें म्हणून हंसतात, तें ऐन वेळीं जखमेच्या पट्टीच्या कामीं आलें.

आतां ह्या निवडक भावंडांनाच एकमेकांपासून कसें ओळखतात तें पाहूं. पॅपिलोसमचा रंग बहुधा पिवळसर-तपकिरी, पालुस्त्रेचा हिरवट आणि मॅगेलॅनिकमचा द्राक्षासवासारखा तांबडा. परंतु रंगाविषयीं मीं आरंभीं जी सूचना दिली ती येथेंही लागू आहे. सांवलींत वाढलेली मॅगेलॅनिकम हिरवीही असूं शकते. म्हणून पानाचा आडवा, अत्यंत पातळ काप घेऊन यंत्राखालीं पाहावें लागतें. पॅपिलोसममध्यें हिरव्या पेशीस लागून असलेल्या भिंतीवर, पोकळ पेशीच्या आंतल्या बाजूस, बारीक पुटकुळ्या असतात. पालुस्त्रेंत ती भिंत गुळगुळीत असते. इम्ब्रिकॅटममध्यें नेमक्या त्याच जागीं कंगव्याच्या दांतांसारख्या रेघा असतात. मॅगेलॅनिकमची हिरवी पेशी लंबगोल असून दोन्ही बाजूंच्या पोकळ पेशींनीं तिला पूर्ण झांकून घेतलेलें असतें. एकाच घराच्या एकाच भिंतीवर कोणी खुंटी ठोकावी, कोणी फळी मारावी, तसाच हा प्रकार. आणि तरीही निसर्ग आपणांस फार सोपें करून देत नाहीं. पॅपिलोसमच्या कांहीं झाडांत ह्या पुटकुळ्या जवळजवळ नसतातच. तेव्हां केवळ एका लक्षणावर निकाल देणारा फसतो. त्यानें हिरव्या पेशीचा आकारही पाहिला पाहिजे. 'दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें', ही म्हण यंत्राखालीं दिसणाऱ्या गोष्टींनाही लागू आहे.

ह्या मॅगेलॅनिकमची पुढील कथा मोठी बोधप्रद आहे. दक्षिण अमेरिकेच्या टोंकास असलेल्या मॅगेलनच्या सामुद्रधुनीवरून ब्रिडेल ह्या शास्त्रज्ञानें १७९८ सालीं तिला हें नांव दिलें. पुढें यूरोपांतील तांबड्या स्फॅग्नमलाही तेंच नांव लावण्यांत आलें. १८८१ सालीं लिंप्रिश्ट ह्यानें यूरोपांतल्या झाडांना मीडियम असें वेगळें नांव दिलें होतें, परंतु भेद पुरेसा वाटेना म्हणून तें मागें पडलें, आणि दोन्ही खंडांतील झाडें एकाच नांवाखालीं नांदूं लागलीं. २०१८ सालीं नॉर्वेचे क्रिस्टियन हासेल व त्यांचे सहकारी ह्यांनीं ह्या झाडांच्या अनुवंशिक द्रव्याची तुलना केली. तींत असें आढळून आलें कीं, येथें एक नसून तीन जाती आहेत. खरी मॅगेलॅनिकम दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण भागांतली. उत्तरेकडील झाडें दोन निराळ्या जातींचीं. त्यांपैकीं एकीस लिंप्रिश्टचें जुनें मीडियम हें नांव परत मिळालें, आणि दुसरीचें बारसें करून तिला डिव्हायनम असें नवें नांव ठेवण्यांत आलें. मग जुनीं झाडें पुन्हां यंत्राखालीं घालून पाहतां पानांतही बारीक भेद दिसले. प्रयोगशाळेनें येथें डोळ्याला रजा दिली नाहीं. कोठें पाहावें एवढें तिनें डोळ्याला सांगितलें. सव्वाशें वर्षांहून अधिक काळ बाजूला पडलेलें नांव अशा रीतीनें पुन्हां उजेडांत आलें, ही गोष्ट कोणाही अभ्यासकास धीर देणारी आहे.

जखमेची गोष्ट निघाली आहे, म्हणून त्याच धाग्यानें आणखी एका हकीकतीकडे वळतों. १९ सप्टेंबर १९९१ रोजीं ऑस्ट्रिया व इटली ह्यांच्या सरहद्दीजवळ, आल्प्स पर्वतांत, सुमारें ३,२१० मीटर उंचीवर, वितळत्या बर्फांत एका पुरुषाचें प्रेत दोघां पदयात्रिकांस दिसलें. प्रथम तें एखाद्या हल्लींच्या गिर्यारोहकाचें असावें असें वाटलें. तपासाअंतीं तें सुमारें ५,३०० वर्षांपूर्वींचें ठरलें. एट्झी ह्या नांवानें तो हिममानव आतां सर्व जगास ठाऊक आहे. त्याचे कपडे, शस्त्रें आणि आंतडीं ह्यांमध्यें व भोंवतालच्या गाळांत हरितांचे असंख्य तुकडे होते. ग्लासगो येथील जेम्स डिक्सन व त्यांचे सहकारी ह्यांनीं ते तुकडे वर्षानुवर्षें बसून निवडले. हरिता व त्यांच्या भावकींतील वनस्पती मिळून ७५ जाती त्यांत निघाल्या, असें त्यांनीं २०१९ सालीं जाहीर केलें.

त्यांत नेकेरा कॉम्प्लॅनाटा नांवाची एक हरिता विशेष होती. ती एवढ्या उंचीवर, बर्फाच्या राज्यांत वाढणारी नव्हे. ती खालच्या रानांतली. नेकेरा ह्या गटांत तिची एक थोरली बहीण आहे, तिचें नांव क्रिस्पा. दोघींचीं पानें पिसाप्रमाणें चपटीं, दोन बाजूंस पसरलेलीं. परंतु क्रिस्पाच्या पानांवर आडव्या लाटा असतात, चुण्या घातलेल्या कापडासारख्या. कॉम्प्लॅनाटाचें पान इस्त्री केल्यासारखें सपाट. नुसतें 'हरितेचे तुकडे मिळाले' असें टिपून कोणी पुढें गेला असता, तर त्या तुकड्यांनीं कांहींच सांगितलें नसतें. जात निश्चित झाल्यामुळें ती आसपास कोठें विपुल वाढते ह्याचा शोध करतां आला, आणि हा मनुष्य उत्तरेकडून नव्हे तर दक्षिणेकडील खोऱ्यांतून वर चढून आला असावा, ह्या अनुमानास बळकटी मिळाली. पांच हजार वर्षांपूर्वीं मेलेल्या माणसाच्या शेवटच्या प्रवासाची दिशा एका पानाच्या सपाटपणानें दाखविली.

आणखीही एक गोष्ट त्याच्या आंतड्यांत सांपडली. ती म्हणजे इम्ब्रिकॅटमच्या गटांतील स्फॅग्नमचे कांहीं तुकडे. ही तीच कंगव्याच्या रेघांची हरिता, जिला हॉटसन ह्यांनीं पट्ट्यांकरितां पसंत केलें होतें. ह्या मनुष्याच्या उजव्या हाताला, मरणापूर्वीं कांहीं दिवस, एक खोल जखम झालेली होती. त्यानें ती ह्या हरितेनें बांधली असावी, आणि त्या हातानें जेवतांना चार तुकडे पोटांत गेले असावे, असा तर्क डिक्सन ह्यांनीं मांडला आहे. हा तर्क आहे, सिद्धांत नव्हे. परंतु तो करतां यावा एवढ्यासाठींही ते तुकडे कोणत्या जातीचे हें आधीं ठरावें लागलें.

आपल्या देशांतही ह्या विद्येची परंपरा आहे. लाहोर येथें अध्यापन करणारे प्रो. शिवराम कश्यप, ज्यांचें १९३४ सालीं निधन झालें, त्यांना हिंदुस्थानांतील ह्या शास्त्राचे जनक मानतात. १९३१ सालीं ब्रुल ह्यांनीं आपल्याकडील हरितांची एक गणती प्रसिद्ध केली. पळणी डोंगरांतील हरितांवर फादर फोरो ह्यांनीं केलेलें काम १९६१ सालीं मुंबईच्याच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांतून छापून आलें. आणि गांगुली ह्यांनीं १९६९ ते १९८० ह्या काळांत पूर्व भारतांतील हरितांवर अनेक खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तेव्हां हा छंद केवळ परदेशांतला आहे, असें कोणी समजूं नये.

आतां ज्या श्रोत्यांना, विशेषतः ज्या घरांत शाळेंत जाणारीं मुलें आहेत तेथील वडील माणसांना, हें प्रत्यक्ष पाहण्याची इच्छा झाली असेल, त्यांच्यासाठीं थोडक्यांत कृति सांगतों. हरिता खरवडून ढीग आणूं नये. नखाएवढा तुकडा पुरतो. तो कागदाच्या पुडींत ठेवावा, पुडीवर जागा, तारीख आणि ती दगडावर होती, विटेवर होती कीं झाडाच्या सालीवर, हें लिहावें. पुडी सांवलींत वाळूं द्यावी. अशी वाळलेली हरिता वर्षानुवर्षें टिकते. पाहावयाच्या वेळीं प्रथम ती कोरडी असतांना पानें कशीं आवळलीं आहेत तें पाहावें, मग तिच्यावर पाण्याचे दोन थेंब टाकावे आणि तीं कशीं उलगडतात तें पाहावें. हा एवढा खेळ पाहूनच मुलें हरखतात. नंतर चिमट्यानें एक पान सोडवून, कांचेच्या पट्टीवर, उजेडाकडे धरून भिंगांतून न्याहाळावें. शीर टोंकापर्यंत जाते कीं वाटेंतच थांबते, कड कोणीकडे वळली आहे, तिला दांते आहेत कीं नाहींत, हें क्रमानें कागदावर लिहावें. बोंडी मिळाली तर दांत मोजावे. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, नांव सांगण्याची घाई करूं नये. दोन पुड्या शेजारीं ठेवून, ह्या दोहोंत काय सारखें आणि काय वेगळें, एवढेंच प्रथम लिहून काढावें. नांव मागाहून जाणत्यास विचारतां येतें.

पुष्कळ वर्षें मुलांना शिकविल्यावर मला असें वाटतें कीं, लक्ष देऊन पाहण्याची ही संवय ज्याला एकदां लागली, त्याच्या ती इतरत्रही कामीं येते. दोन माणसें, दोन मतें किंवा दोन बातम्या वरवर सारख्या दिसल्या म्हणजे तो त्यांना घाईनें एक म्हणत नाहीं, आणि वरवर निराळ्या दिसल्या म्हणून त्यांना परकेंही ठरवीत नाहीं. तो विचारतो, हा भेद प्रसंगानें आलेला आहे कीं मुळांतलाच आहे? आपल्या घरांतील मुलांनीं हा प्रश्न विचारावयास शिकावें, एवढ्यासाठीं तरी यंदां दिवाळीपूर्वीं भिंत खरवडतांना तिचा एक हातभर तुकडा तसाच राहूं द्यावा, अशी माझी श्रोत्यांना विनंती आहे.